एसटीच्या पायरीवर

१. पहिला झटका आला तो पुसेगावहून हिंगोलीला जाताना, एसटीत. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास घशाशी. आता मरतो, एवढंच कळत होतं. दवाखान्यात ईसीजी साफ निघाला. ‘काही नाही, टेन्शन आहे,’ म्हणून मला घरी पाठवलं. ईसीजी काढायलाच हवा होता. पण ‘काही नाही’ हे खरं नव्हतं. त्यापायी माझं वर्ष गेलं.

२. अशा झटक्याला पॅनिक अटॅक म्हणतात. भीती बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. त्यानं जीव जात नाही. पण तो पुन्हा येईल या धास्तीनं मी आधी एसटी सोडली, मग आठवडी बाजार, मग लग्नकार्यं. आजार वाढला तो या टाळण्यानं.

३. आईचं वेगळं. तिला झटका कधीच आला नाही. पाऊस लांबला, सोयाबीनचा भाव पडला, नात शाळेतून उशिरा आली. मन एका काळजीवरून दुसरीवर जायचं. मान आखडलेली, झोप उडालेली. ‘तिचा स्वभावच तसा,’ असं आम्ही कितीतरी वर्षं म्हणत राहिलो. शेतकऱ्याच्या घरात काळजीला कारणं असतातच, म्हणून सततच्या काळजीचा हा आजार ओळखू येत नाही. मला तो कळला हळद विकून पट्टी हाती आली त्या रात्री. देणं फिटलं होतं, तरी आई जागीच होती.

४. पुतणीला चारचौघांत बोलायची भीती. तिला आम्ही लाजाळू म्हणायचो. वर्गात हजेरी देतानाही तिला घाम फुटायचा. तोही आजारच होता.

५. पुढे डॉक्टरांनी मला गोळी दिली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. मी दहाव्या दिवशी मनानंच बंद केली, ती मोठी चूक. दुसरा उपाय समुपदेशनातला: ज्याची भीती, त्याच्याकडे थोडं थोडं जायचं. पहिल्या दिवशी थांब्यावर नुसता उभा राहिलो. मग पायरीवर चढून उतरलो. मग पुढच्या थांब्यापर्यंत. हिंगोली गाठायला दीड महिना लागला.

६. मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत 2015 साली शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. त्यात आपला हिंगोलीही होता. आशाताई दारात येऊन झोपेचं, मनाचं विचारायच्या ते त्यातूनच. त्यांना खरं सांगावं. 2022 पासून टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबरही आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाखाली तो आईनं स्वतःच्या हातानं लिहिलाय.