माडीचा जिना

आमच्या घराला माडी आहे. माडीवर धान्य ठेवतो. वर जायला घरातूनच लाकडी जिना आहे. चौदा पायऱ्या, पंधरावं पाऊल माडीवर.

जिना जुना. पायऱ्या झिजल्या. लाकडाची कुसळं पायाला बोचू लागली. तेव्हा आम्ही काय केलं? जुन्या सतरंजीच्या पट्ट्या कापल्या आणि पायऱ्यांवर चुकांनी ठोकल्या. जिना छान दिसू लागला. पायाला मऊ लागे. आम्हांला वाटलं, काम झालं.

पण दुखणं बरं झालं नव्हतं, झाकलं गेलं होतं.

पावसाळ्यात ओले पाय पडत. सतरंजी ओल धरून ठेवी. ओलीला वाळवी आली. वाळवीला उजेड नको असतो. तिला आयता आडोसा मिळाला. वर सतरंजी, आत पोकळ!

एक दिवस सूनबाई ज्वारीची पाटी घेऊन खाली येत होती. पायरी मोडली. ती पडली. मनगटाचं हाड मोडलं. चूक तिची नव्हती, आमची होती.

मग सुतारमामांना बोलावलं. आम्ही म्हणालो, "मामा, जुन्या पायऱ्यांवरच नव्या फळ्या ठोका. खर्च वाचेल."

मामा हसले. "गुरुजी, तुम्ही गणित शिकवलंत. जरा हिशेब करा."

हिशेब असा. जमिनीपासून माडीपर्यंत उंची १०५ इंच. चढ १५. म्हणजे दर चढ ७ इंच. आता प्रत्येक पायरीवर १ इंच जाड फळी ठोकली, तर पहिला चढ होईल ८ इंच. मधले चढ ७ इंचच राहतील. माडीची जमीन मात्र वर सरकणार नाही. म्हणून शेवटचा चढ होईल ६ इंच. आपले पाय जिन्यावर बघून चालत नाहीत, सवयीनं चालतात. एका इंचाच्या फरकानंही ठेच लागते.

आम्ही गप्प बसलो. जुन्या पायऱ्या सगळ्या काढल्या. बाजूच्या तिरप्या तुळया पटाशीनं टोचून पाहिल्या. त्या शाबूत निघाल्या. वाळवीची वाट शोधून तिथं औषध घातलं.

नव्या पायऱ्या सागवानी केल्या. साग घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. लाकूड गाभ्याचं असावं, म्हणजे पिवळसर तपकिरी. कडेच्या पांढुरक्या लाकडाला कीड लागते. दुसरं, लाकूड पुरतं वाळलेलं असावं. ओलं लाकूड मागून आकसतं. मग पायरी हलते, करकरते.

नव्या फळ्यांची जाडी जुन्यांइतकीच ठेवली. म्हणून सगळे चढ सारखे राहिले.

उघडं लाकूड गुळगुळीत असतं, पाय घसरू शकतो. म्हणून चकचकीत पॉलिश केलं नाही. प्रत्येक पायरीच्या कडेजवळ दोन खाचा पाडल्या. हाताला धरायला कठडा बसवला.

आता जिन्यावर काहीही अंथरलेलं नाही. पायरीला तडा गेला तर लगेच दिसतो. दर पावसाळ्यानंतर आम्ही खालच्या बाजूनंही पाहतो. सूनबाईचा हात बरा झाला. पण जड पाटी आता आम्हीच उतरवतो.

मोडकं झाकू नये. उघडावं, पाहावं, मग दुरुस्त करावं.

प्रश्न
१. सतरंजीखाली वाळवी का वाढली?
२. तुमच्या घरातल्या पायऱ्यांची उंची मोजा. सगळ्या सारख्या आहेत का?