काठोकाठ आशा : एका इंग्रजी गाण्याची दोन आयुष्ये

लता की आशा, हा वाद आपल्याकडे चहाच्या पहिल्या कपाबरोबर सुरू होतो आणि दुसरा कप संपला तरी मिटत नाही. आमच्या घरी आजी लतापक्षाची, वडील आशापक्षाचे. या वादात इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी जन्मलेल्या एका पंजाबी तरुणाने आपले मत नोंदविले, ते इंग्रजीतून, आणि ते गाणे १९९८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले, ही हकीगत मात्र दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. मलाही ती अलीकडेच कळली. प्रस्तुत लेखात तिचाच थोडा अभ्यास मांडण्याचा विचार आहे.

गाण्याचे नाव ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. वाद्यवृंदाचे नाव ‘कॉर्नरशॉप’, गीतकार-गायक त्जिंदर सिंग. नावापासूनच सुरुवात करू. इंग्लंडमध्ये कोपऱ्यावरचे किराणा दुकान म्हणजे कॉर्नर शॉप, आणि ते चालविणारा म्हणजे हिंदी किंवा पाकिस्तानी माणूस, असे तेथील लोकांनी मनाशी ठरवूनच टाकलेले. हिणविण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द या मंडळींनी स्वतःच पाटीवर लिहिला. १९९१ च्या सुमारास सुरू झालेला हा संघ आरंभी गाण्यापेक्षा भांडणासाठीच अधिक ओळखला जाई. मॉरिसी या लोकप्रिय गायकाचा आशियाई लोकांविषयीचा सूर त्यांना खटकला, तेव्हा १९९२ मध्ये त्यांनी त्याची छायाचित्रे इ. एम. आय. कंपनीच्या कचेरीबाहेर जाळली. अशा माणसाने पाच वर्षांनी एक प्रेमळ, सुस्तावलेले, जवळजवळ अंगाईसारखे गाणे लिहावे, याचे मला प्रथम नवल वाटले. आता तितकेसे वाटत नाही. ते का, ते पुढे येईलच.

हे गाणे १९९७ च्या ऑगस्टमध्ये ‘विजा’ या लहानशा कंपनीने सुटी तबकडी म्हणून काढले. पुढच्याच महिन्यात ज्या संग्रहात ते आले, त्यात कवी ॲलन गिन्सबर्ग यांचा आवाज आहे आणि बीटल्सच्या एका गाण्याचा पंजाबी अवतारही आहे. मूळ ‘आशा’ पाच मिनिटांहून थोडी मोठी. गिटारवर तीनच कॉर्ड, तेच पुन्हा पुन्हा. गवई बसून त्याचे शास्त्र सांगू लागला तर एका वाक्यात संपेल. खरी गंमत शब्दांत आहे.

‘आशा’ या एका शब्दावर सगळा श्लेष उभा आहे. ज्याला हिंदी-मराठी येत नाही, त्याला ते केवळ एक नाव. ज्याला येते, त्याला पेला काठोकाठ भरलेला दिसतो, आणि तो एकाच वेळी आशाबाईंनी आणि आशेनेही भरलेला. गाण्याचा विषय पार्श्वगायन. पडद्यावर नटी ओठ हलविते आणि गाणारी दुसरीच असते, या आपल्याला इतक्या सवयीच्या झालेल्या गोष्टीकडे तो परक्याला समजावून सांगावे तसे पाहतो. दुःखी माणसाला डोके टेकायला ऊब हवी, ती चित्रगीतांत मिळते, असा ध्रुवपदाचा आशय. मध्येच सरकार बांधीत असलेल्या धरणांचा चिमटाही काढून होतो. नंतर नावांची यादी येते. आशा भोसले, लता मंगेशकर आणि महंमद रफी तर आहेतच. पण त्यांच्याच पंगतीला फ्रेंच गायक जाक द्युत्राँ, इंग्लंडचा मार्क बोलन आणि जमैकाचे संगीत विकणारी ट्रोजन ही लंडनची कंपनीही आहे. फर्ग्युसन कंपनीचे तबकडीयंत्रही विसरलेले नाही. परदेशी राहिलेल्या एखाद्या पंजाबी घरातले कपाट उघडावे आणि आत काय काय रचलेले आहे ते ओळीने दिसावे, तशी ही यादी वाटते.

आणि या साऱ्यावर ४५ या आकड्याचा जयघोष. मिनिटाला ४५ फेरे घेणारी ती लहान तबकडी. इंग्लंडात तिच्या एका बाजूवर बहुधा एकच गाणे असे, आपल्याकडच्या ई. पी. तबकडीवर एका चित्रपटाची चार गाणी बसत. आमच्या माळ्यावर अशा काही तबकड्या आहेत. यंत्र केव्हाच मोडीत गेले, तबकड्या मात्र आजी टाकू देत नाही. त्जिंदर सिंग कशाचे गाणे गातो हे मला त्या माळ्यामुळे समजले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. पार्श्वगायकाच्या नावाचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर आरंभी गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’ असे. कामिनी म्हणजे चित्रपटातील पात्र! गाणाऱ्या लताबाईंचे नावच नाही. पुढे गायकांनी भांडून आपली नावे छापून घेतली. पडद्यामागे राहणाऱ्या गायिकेला नावाने हाक मारून गाण्याच्या शीर्षकात बसविणे, हे म्हणूनच मला केवळ कौतुक वाटत नाही. कॉर्नरशॉपचे जुने भांडण येथेही चालूच आहे, फक्त आवाज खाली आणलेला आहे.

असो. आता विक्रीयादी. ‘बिनाका गीतमाला’ ज्यांच्या घरी ऐकली गेली आहे, त्यांना ही कल्पना नवी नाही. अमीन सायानी ‘पायदान’ म्हणत, त्या पायऱ्याच या. फरक असा की, गीतमालेत तबकड्यांच्या खपाबरोबर श्रोतृमंडळांच्या पसंतीलाही स्थान होते, तर ब्रिटनच्या यादीत त्या काळी केवळ दुकानांतील खप मोजला जाई. रविवारी बी. बी. सी. रेडिओवर यादी जाहीर होई. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ त्या यादीत साठाव्या क्रमांकापर्यंत पोचले आणि तेथूनच परतले. साठावा क्रमांक म्हणजे दुकानदाराच्याही लक्षात न राहणारा क्रमांक.

परंतु जाणत्यांच्या ते लक्षात राहिले. रेडिओवरील जॉन पील हे चोखंदळ निवेदक दरवर्षअखेर श्रोत्यांच्या मतांवरून पन्नास गाण्यांची यादी करीत. १९९७ च्या त्या यादीत हे गाणे पहिले आले. खपात साठावे आणि रसिकांच्या मतांत पहिले!

मग नॉर्मन कुक या माणसाचे लक्ष त्याच्याकडे गेले. हा पूर्वी ‘हाउसमार्टिन्स’ या संघात बास गिटार वाजवीत असे आणि आता ‘फॅटबॉय स्लिम’ या नावाने नृत्यगृहांसाठी संगीत करीत होता. त्याने गाण्याची गती वाढविली. स्वर त्यामुळे वर चढला, आवाज कोवळा, उल्हसित झाला. खाली भरभक्कम ढोलाचा ठेका घातला आणि लांबी चार मिनिटांवर आणली. १९९८ च्या फेब्रुवारीत हा नवा अवतार बाजारात आला आणि यादीत शिरला तो एकदम पहिल्या क्रमांकावर. त्याने खाली उतरविले कोणाला, तर ‘टायटॅनिक’ चित्रपटातील सेलिन डिऑन यांच्या गाण्याला. पुढच्याच आठवड्यात मॅडोनाच्या ‘फ्रोझन’ने त्यालाही उतरविले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात सेलिनबाई पुन्हा वर चढल्या. म्हणजे सिंहासन मिळाले ते सात दिवसांचे. त्या काळी नवी तबकडी पहिल्या आठवड्यात स्वस्तात विकण्याची रीत असल्यामुळे गाणी झपाट्याने चढत आणि झपाट्याने उतरत. तेव्हा सात दिवस म्हणजे अपयश असे कोणी समजू नये.

हिंदी वंशाच्या माणसाने ब्रिटनमध्ये अग्रस्थान मिळविल्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. आदल्याच वर्षी, जानेवारी १९९७ मध्ये, राउरकेला येथे जन्मलेल्या ज्योती मिश्रा यांनी ‘व्हाइट टाउन’ या नावाने केलेले ‘युवर वुमन’ पहिले आले होते. आणि त्याच्याही पुष्कळ आधी क्वीन या संघाचा फ्रेडी मर्क्युरी होताच, जो पाचगणीच्या शाळेत शिकला. पण या दोघांच्या नावांवरून कोणाला त्यांच्या मुळाचा पत्ता लागला नसता. ‘आशा’चे तसे नाही. येथे शीर्षकातच आपली गायिका उभी आहे, सांगली जिल्ह्यात जन्मलेली, दीनानाथांची मुलगी.

आता वादाचा मुद्दा. यश कोणाचे? आमच्या एका प्राध्यापकांशी बोलताना ते म्हणाले, “कुकने ठेका घातला नसता तर तू आज हा लेख लिहिला नसतास.” हे खरे आहे आणि त्यामुळेच टोचते. शब्द तेच, आवाज तोच, तीन कॉर्डही तेच. साठ आणि एक यांच्यामधले एकोणसाठ पायऱ्यांचे अंतर केवळ ढोलाने आणि गतीने कापले. त्यानंतर कुकचे स्वतःचे ‘प्रेझ यू’ जानेवारी १९९९ मध्ये पहिले आले. कॉर्नरशॉपचे पुढचे ‘स्लीप ऑन द लेफ्ट साइड’ तेविसाव्या क्रमांकावर थांबले आणि पहिल्या विसांत त्यांना पुन्हा कधी जागा मिळाली नाही. वृत्तपत्रे अशांना ‘एका गाण्याचे धनी’ म्हणतात. हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो, कारण २००२ साली आणि नंतरही त्यांनी चांगले संग्रह काढले.

मी दोन्ही अवतार लागोपाठ अनेकदा ऐकले. वेगवान अवतारात पाय हलतात, पण नावे धावत निघून जातात; रफींचे नाव आले कधी आणि गेले कधी, कळत नाही. मूळ गाण्यात गायक एकेक तबकडी हातात घेऊन, धूळ पुसून खाली ठेवल्यासारखा थांबत जातो. माझे मत मूळ गाण्याला.

लेख लिहून झाल्यावर आजीला दोन्ही ऐकविली. इंग्रजी तिला कळत नाही. दुसऱ्या, वेगवान गाण्यावर तिने मांडीवर ताल धरला. मग विचारले, “यात आशाचं नाव घेतात ना? मग लताचं का नाही?” घेतले आहे, असे मी सांगितले. “आधी की नंतर?” तिने विचारले.