बाद पाकिटं

विधानसभेच्या मतमोजणीत आमच्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मी टपाली मतांच्या टेबलावर होतो. बाद मतं फेरतपासणीविना राहिली, आणि वर लोक आम्हालाच म्हणतात, हा रडीचा डाव. म्हणून लिहितोय.

बाहेरच्या पाकिटात मतदाराचं घोषणापत्र आणि मतपत्रिकेचं बंद पाकीट असतं. घोषणापत्राचं साक्षांकन नीट नसेल, मतपत्रिकेचा क्रमांक जुळत नसेल, तर आतलं पाकीट न फोडताच बाद. एकावर साक्षांकन करणाऱ्याची सही होती, हुद्दा होता. शिक्का तेवढा पुसट उमटलेला. मी हरकत घेतली. टेबलावरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "वेळ घालवू नका हो."

शेवटच्या फेरीनंतर बेरजा वाचल्या. बाद टपाली मतांचा आकडा माझ्या कागदावर होता, त्याखाली मी आमच्या पराभवाचा फरक लिहिला. फरक बाद मतांहून लहान! अशा वेळी निकाल जाहीर करण्याआधी सगळी बाद टपाली मतं पुन्हा तपासावीत, ही आयोगाचीच सूचना आहे. अर्ज लिहून धावलो, तोवर निकालपत्रकावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची सही झालेली. "आता कोर्टात जा." निवडणूक नियमांतला नियम ६३ म्हणतो, सही करण्याआधी फेरमोजणी मागायला वाजवी संधी द्या. आम्हाला किती मिळाली? बाहेर गुलाल उधळायला सुरुवात झाली होती.

तुम्ही मोजणीला बसणार असाल तर फेरमोजणीचा अर्ज घरूनच लिहून न्या, आकड्यांची जागा तेवढी मोकळी सोडा. उमेदवार हजर नसेल तर प्रतिनिधीही अर्ज देऊ शकतो. तोंडी मागणीला कुणी विचारत नाही. पोच घ्या, आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी मागा. ती देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पाकीट बाद झालं की कारण तिथल्या तिथे टिपून घ्या. डोकं शांत ठेवा, वकील चांगला बघा.

कोर्टात जायला ४५ दिवस मिळतात. नुसत्या संशयावर सीलबंद पाकिटं उघडत नाहीत, नेमकी वस्तुस्थिती मांडावी लागते. मुंबई वायव्यमध्ये २०२४ ला लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याविरुद्धची पराभूत उमेदवार अमोल कीर्तिकरांची याचिका उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात फेटाळली.

आणि निवडणुकीच्या ड्युटीवरच्या आपल्या शिक्षकांना, पोलिसांना आधीच सांगून ठेवा: साक्षांकनाची सही, नाव, हुद्दा, शिक्का स्वच्छ उमटलाय का, ते पाकीट चिकटवण्याआधी बघा.