मद्यधुंद वाहनचालन : तपासाचे शिक्षण

मद्यपान करून वाहन चालविणाऱ्यास पोलिसांनी पकडले म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असे नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा अपराध आहे. मात्र अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी न झाल्यास आरोपीस कोठडीतून सोडावे लागते, असे कलम २०२ सांगते. रुग्णालय दूर असलेल्या ग्रामीण ठाण्याला ही मुदत फारच तोकडी. म्हणूनच प्रशिक्षणात कलमांच्या पाठांतरापेक्षा कामाच्या क्रमावर भर हवा.

सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसली, तर अहवालाविषयी संशय निर्माण होतो. कुपीत सोडियम फ्लोराइड नसल्यास रक्त आंबून मद्यार्काचे प्रमाण बदलू शकते. कुपी कोणी कोणाच्या हवाली केली, मोहोर शाबूत होती काय, हे बचावपक्ष विचारणारच. सरकारी अभियोक्त्याने ते आधी विचारावे. दोघांचे वर्ग एकत्र भरवावयाचे ते यासाठी.

डोक्यास मार लागलेला मनुष्यही झोकांड्या खातो, अडखळत बोलतो. त्यास मद्यपी समजून कोठडीत बसविणे त्याच्या प्राणावर बेतू शकते.

अपघातस्थळी ब्रेकच्या खुणा पाऊस व रहदारी यांनी पुसण्यापूर्वी मोजून नकाशात घ्याव्यात. वाहने हलविल्यानंतरच्या पंचनाम्यात त्यांची मूळ जागा सापडत नाही.