भार देवावर, औषध वेळेवर

रात्री दोनला जाग येते. छाती धडधडत असते. घराचे हप्ते, मुलाची नोकरी, आईचं ऑपरेशन सगळं एकदम डोक्यात घोंगावू लागतं. ईसीजी नॉर्मल, थायरॉइडही नॉर्मल, तरी भीती जात नाही. असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात आणि निघताना दबक्या आवाजात विचारतात, “डॉक्टर, देवाचं नाव घेतलं तर चालेल ना?” जरूर घ्या. मीही घेतो. मात्र प्रार्थनेने नेमकं काय साधतं आणि काय नाही, हे समजून घ्या.

चिंतेने मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. रक्तात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, नाडी व रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो, पचन मंदावतं. संकट समोर उभं असताना याचा उपयोग होतो. पण उद्याच्या संकटासाठी ही घंटा महिनोन्महिने वाजत राहिली, तर झोप उडते, पित्त खवळतं, मान-खांदे आखडतात.

इटलीतले डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिनमधली प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणवून घेतला. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचे निष्कर्ष आले. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर आली. एरवी ती १२ ते २० असते. रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रियाही सुधारली. रामरक्षा किंवा हरिपाठ संथ लयीत म्हणून पाहा, उच्छ्वास आपोआप लांबतो.

पण प्रार्थना श्वासापाशी संपत नाही. तिच्यात कुणाशी तरी बोलणं आहे, आणि सगळं मीच पेललं पाहिजे हा हट्ट सोडणं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगामेंट यांनी आजारी वृद्धांचा दोन वर्षं अभ्यास केला. ‘देवाने मला टाकलं’, ‘तो मला शिक्षा करतोय’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक आढळला. म्हणून कृपा करून आजाराला पापाचं फळ समजू नका, आणि श्रद्धा कमी पडली म्हणून स्वतःला दोषही देऊ नका. राग आला असेल तर तो देवालाच सांगा. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेले तुकोबा विठोबाशी कडकडून भांडले, पण त्याच्याशी बोलणं त्यांनी सोडलं नाही.

विश्वास म्हणजे सौदाही नव्हे. बायपास झालेल्या सुमारे १,८०० रुग्णांच्या एका अभ्यासात, इतरांनी त्यांच्यासाठी केलेल्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाली नाही, असं २००६ साली दिसलं. प्रार्थनेने रिपोर्ट बदलेलच अशी हमी मी देणार नाही. जो काही रिपोर्ट येईल, त्याला सामोरं जाण्याचं बळ तिने मिळतं, हे मात्र मी कितीतरी रुग्णांत पाहिलं आहे.

रोज हे करून पाहा:

• ठरावीक वेळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं बसा. आरती, नमाज, रोझरी, त्रिशरण, जे तुमचं असेल ते सावकाश म्हणा.

• मग चिंता नाव घेऊन सांगा. ‘सगळं चांगलं होऊ दे’ म्हणण्यापेक्षा ‘सोमवारच्या बायोप्सीची भीती वाटते’ असं म्हणा.

• वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकात आपल्या हातातलं लिहा: बँकेत जाऊन बोलणं, तपासणीची वेळ घेणं, भावाला फोन करणं. दुसऱ्यात देवाच्या हाती सोपवायचं. पहिल्यातलं एक काम त्याच दिवशी उरका.

• प्रार्थनेच्या जोरावर रक्तदाबाची, साखरेची किंवा मनाच्या आजाराची गोळी बंद करू नका. मधुमेह असेल तर कडक उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर ‘टेन्शन असेल’ म्हणून थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भूक उडणं, कशातच मन न लागणं असं चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे जाण्याने देवावरचा विश्वास उणा होत नाही. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत असून दिवसरात्र चालू असते. फोन लावताना देवाचं नाव घ्या, पण फोन लावाच.