संगणकावरील हिशेब व खंडणीखोर व्हायरस : बागायतदारांनी घ्यावयाची काळजी

मुरुड, नांदगाव, काशीद, राजपुरी या पट्ट्यातील नारळ-सुपारी बागायतदारांचा व्यवहार आता बागेपुरता राहिलेला नाही. कोणी असोली सुपारीची खरेदी-विक्री करतो, कोणी बागेतच दोन-चार खोल्या बांधून पर्यटकांची सोय करतो, तर कोठे गटाने उत्पादक कंपनी काढली आहे. पूर्वी किर्द आणि खतावणी लाकडी कपाटात असे. आता ती दुकानातील एका संगणकात असते. कोणत्या सभासदाने किती माल घातला, किती उचल घेतली, कोणाचे किती देणे राहिले, हे सर्व त्या एकाच यंत्राला ठाऊक असते. म्हणून ते यंत्र बंद पडले तर काय करावयाचे, याचा विचार आधीच करून ठेवणे गरजेचे आहे.

खंडणीखोर व्हायरस म्हणजेच ‘रॅन्समवेअर’. हा संगणकात शिरला की हिशेबाच्या फाइली, बिले, फोटो यांना कुलूप लावतो. फाइली जागेवरच असतात, पण उघडत नाहीत. पडद्यावर मजकूर येतो की, अमुक रक्कम भरा म्हणजे किल्ली देऊ.

हे आपल्यापर्यंत कशाला येते, असे कोणी म्हणेल. आपल्याच रायगड जिल्ह्यातील उदाहरण पाहा. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरात २७ जून २०१७ रोजी मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे संगणक बंद पडले. इतर टर्मिनल चालू होती, पण येथील कामकाज हाताने सांभाळण्याची वेळ आली. ‘नॉटपेट्या’ नावाचा हा व्हायरस युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीबरोबर पसरला आणि मर्स्कच्या जगभरच्या कार्यालयांत पोहोचला. पडद्यावर ३०० डॉलरची मागणी होती. ती भरूनही फाइली परत मिळण्याची सोय त्या व्हायरसमध्ये नव्हतीच. पैसे भरून सुटका होईल, या समजुतीवर विसंबू नये ते यासाठी.

मर्स्क सावरली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या संगणकावर परवानगी आहे, याची मूळ नोंद ठेवणारी सुमारे दीडशे यंत्रे त्या कंपनीकडे होती. एक बिघडले तर दुसरे उपयोगी पडावे म्हणून ती सारी एकमेकांना जोडलेली होती. जोडलेली होती म्हणूनच सगळी एकदम गेली. वाचले ते फक्त आफ्रिकेतील घाना देशातील एक यंत्र, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! तेथील मजकूर माणसाच्या हाती नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला नेण्यात आला आणि त्यावरून पुढची उभारणी झाली. सुमारे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्याने बसवावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. आपल्याकडे वीज जाणे नवीन नाही, पण तिचा असा उपयोग क्वचितच ऐकावयास मिळतो.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावी. हिशेबाची प्रत संगणकाला सतत जोडलेली असेल तर ती प्रत नव्हे. दुकानातील संगणकाच्या मागे वर्षभर लावून ठेवलेली हार्ड डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. इंटरनेटवर आपोआप साठवणाऱ्या सोयीतही बिघडलेली फाइल चांगल्या फाइलची जागा घेते. जुनी आवृत्ती काही दिवस मिळू शकते, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

आधी करावयाची तयारी

सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रणाची फवारणी पाऊस सुरू होण्यापूर्वी करावी लागते, घोस कुजू लागल्यावर नव्हे. येथेही तसेच आहे.

दोन स्वतंत्र हार्ड डिस्क घ्याव्यात. एका आठवड्यात पहिलीवर, पुढच्या आठवड्यात दुसरीवर हिशेबाची प्रत काढावी व काम होताच डिस्क काढून ठेवावी. दोन्ही एकाच वेळी कधीही जोडू नयेत. खरेदीच्या हंगामात आठवड्याऐवजी रोज संध्याकाळी प्रत काढावी. एक डिस्क दुकानात व दुसरी घरी, शक्यतो लांब ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पत्रे उडाले आणि कपाटातील कागदही भिजले, हे आपण विसरलेलो नाही. तीन महिन्यांतून एकदा ती डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून एखाद्या महिन्याची खतावणी उघडून पाहावी. बियाण्याची उगवण तपासतो तशी ही तपासणी आहे आणि नेमकी हीच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

व्हायरस येतो तो बहुधा ई-मेलला जोडलेल्या खोट्या बिलातून वा नोटिशीतून, चोरून उतरविलेल्या सॉफ्टवेअरमधून, किंवा दुरुस्ती करणाऱ्याने दुरून संगणक चालविण्यासाठी उघडी ठेवलेली सोय तशीच राहिल्यामुळे. ही सोय काम संपताच बंद करून घ्यावी. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सुरक्षा-आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबला आहे. जुन्या यंत्रावर हिशेब ठेवणाऱ्यांनी याची चौकशी करावी.

हल्ला झाल्यास

प्रथम इंटरनेटची वायर काढावी, वायफाय बंद करावे. ते जमत नसेल तर संगणकच बंद करावा. प्रतीची डिस्क घाईने जोडून पाहू नये. त्या एका चुकीने शेवटची प्रतही जाते. पडद्यावरील मजकुराचा मोबाईलवर फोटो घ्यावा व वेळ लिहून ठेवावी. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावरून होत असतील तर बँकेला तत्काळ कळवावे व पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत. १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर अथवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन येथे तक्रार नोंदवावी.

कुलूपबंद फाइली पुसून टाकू नयेत, वेगळ्या डिस्कवर काढून ठेवाव्यात. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन खासगी कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तेथे काही जातींच्या व्हायरसच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज किल्ली नसेल तर पुढे निघू शकते.

त्यानंतर संगणक पूर्ण पुसून नव्याने तयार करावा आणि मगच प्रत उतरवावी. प्रत जुनी असल्यास मधल्या दिवसांचा हिशेब जुळविता येतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर भरलेली विवरणपत्रे असतात, बँकेकडून खातेउतारा मिळतो, व्यापाऱ्याकडे आपल्या बिलाची प्रत असते, सनदी लेखापालाकडे मागील वर्षाचे हिशेब असतात. एकाच गोष्टीची नोंद अन्यत्र कोठेही नसते, ती म्हणजे सभासदाने आणून घातलेल्या मालाच्या वजनाची. म्हणून कार्बन लावलेले पावतीपुस्तक संगणक घेतल्यानंतरही बंद करू नये. स्थळप्रत संस्थेकडे राहावी आणि दुसरी सभासदाने जपून ठेवावी. अशा अडचणीत सभासदांना बोलावून पावत्यांवरून वजने व उचल पडताळावी आणि जुळलेल्या प्रत्येक खात्यावर त्यांची सही घ्यावी.