अंगणातला तरवड : खर्च किती, पाणी किती?

म्हसावदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात अंगणाला फुलझाड हवं, पण मे महिन्यात पाणी पुरवायची चिंता नको, अशांनी तरवड लावावा. पिवळ्याधमक फुलांचं हे झुडूप आपल्याच माळरानावरचं आहे.

बियाण्याला पैसे लागत नाहीत. हिवाळ्याअखेरीस बांधावर तरवडाच्या चपट्या तपकिरी शेंगा वाळलेल्या मिळतात. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णं दिसली की तो तरवड समजावा. नर्सरीत ‘कॅशिया’ म्हणून मिळणारं रोप तरवडाचंच असेल असं नाही. बियांचं कवच कठीण असतं. कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवा आणि फुगलेल्या बिया पहिल्या चांगल्या पावसानंतर जागेवरच टोकून द्या. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे मोठं रोप उपटून लावलं तर बहुधा दगावतं.

खरा खर्च मुरुमाचा. म्हसावद ज्या शहादा तालुक्यात येतं तिथली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि तरवडाला दलदल अजिबात सोसत नाही. दहा फूट लांब, दोन फूट रुंद वाफा अर्धा फूट उंच करायला दहा घनफूट मुरूम लागतो, म्हणजे ब्रासचा दहावा भाग. एवढ्यासाठी ट्रॉली मागवू नका. शेजारी बांधकाम चालू असेल तर उरलेला मुरूम मागून घ्या. एक घमेलं शेणखत पुरे. छाटणीची कात्री घ्यायची तर तीनशे रुपयांच्या आसपास धरा.

आता पाणी. या वाफ्यात तीन-तीन फुटांवर चार झाडं बसतात. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यापासून मेअखेर आठवड्याला झाडामागे पाच लिटर दिलं, तर तीस आठवड्यांत सहाशे लिटर होतात. दहा बाय वीस फुटांच्या हिरवळीला रोज पाच मिलिमीटर द्यायचं ठरवलं, तर तेवढं पाणी आठवड्याभरातच संपतं. दुसऱ्या वर्षापासून तरवड जवळजवळ पावसावरच निभावतो.

अंगण नीटनेटकं ठेवायचं असेल तर शेंगा वाळल्यावर एक तृतीयांश छाटणी करा. भर उन्हाळ्यात मात्र कात्री लावू नका. पेव्हर ब्लॉक बसवताना वाफ्याची जागा आधीच मोकळी सोडा, नंतर फोडणं महाग पडतं. पानं कुरतडलेली दिसली तरी औषध मारू नका. कुरतडणाऱ्या बहुधा फुलपाखरांच्या अळ्या असतात, झाड पुन्हा फुटतं.

बियांसाठी वाळलेल्या शेंगाच तोडा, त्याही थोड्या. बांधावरचं झुडूप मुळासकट उपटून आणू नका.